मोठ्यानं बोलत जावा

घाणेरीचं पान हातात चुरगळलं की मला शिरूरबाहेरच्या टेकडीवरचं ते वनउद्यान आठवतं. बायकोला जाऊन काही महिने झाले होते आणि घरात बसवेना, म्हणून एका सकाळी मी तिकडं गेलो. फाटकावरचा वॉचमन म्हणाला, "एकटंच आलाय व्हय, आबा? मग मोठ्यानं बोलत जावा. पलीकडं उसात बिबट्या हाय. माणसाचा आवाज आला की त्यो वाटंला येत न्हाई." आता एकट्यानं बोलायचं तरी काय, कपाळ! आधी मी झाडांवरच्या पाट्याच वाचत निघालो. खैर, बाभूळ, आपटा. पाट्या संपल्या, वाट घाणेरीच्या जाळीत शिरली, पानं अंगाला घासून तो उग्र वास सुटला आणि मी घरातलं सांगायला लागलो. दूध उतू गेलं, तुळस वाळली, धाकटीचा फोन आला होता. जन्मभर बोलायची ती आणि 'हं' म्हणायचो मी. त्या दिवशी मात्र प्रत्येक वाक्यानंतर मीच थांबत होतो, तिनं 'हं' म्हणावं एवढा वेळ. पलीकडच्या फाटकाशी उतरलो तर तिथं गवत कापणारी बाई ओरडली, "मामा, तुमचं माणूस मागं राहिलं वाटतं? एकटं सोडू नका, बिबट्या हाय!" मी वळून पाहिलं. "येतीय," म्हणालो, "गुडघे दुखतात तिचे." आणि तिथंच बराच वेळ उभा राहिलो. घरात बिबट्या कुठून येणार. पण अजूनही कुलूप उघडताना मी मोठ्यानं बोलतो.