अर्धाच ओलांडलेला दगडी पूल

मला अक्षर येत नाही. बोलते मी, टाईप करते माझी नात मनू. चुका दिसल्या तर तिला बोला, खोटं दिसलं तर मला. तीच म्हणाली, "आजी, तुझा तो पुलाचा प्रवास ब्लॉगवर टाकू या." मी म्हटलं, "आधी आईला विचार." आई म्हणजे माझी सून, शालन. ती हो म्हणाली नाही, नाही पण म्हणाली नाही. म्हणून लिहितोय.

ऐंशीनंतरची गोष्ट. विक्रोळीच्या टेकडीवरच्या चाळीत आम्ही तिघी: मी, शालन आणि नुकती शाळेत जायला लागलेली मनू. मुलगा सुरेश कंपनीच्या दोन वर्षांच्या कामावर युगोस्लावियाला गेला, त्याला सहा वर्षं झाली होती. मधल्या काळात शालनचा भाऊ चारकोपहून दोनदा आला. "ताईला नेतो, आमच्याकडे कारखान्यात काम आहे." दोन्ही वेळा मी त्याला चहा पाजून वाटेला लावला. "सून आहे ती या घरची. नवरा येईल तेव्हा दार कोण उघडणार?"

आणि एक दिवस सुरेशकडून पाकीट आलं. आत विमानाचं तिकीट, माझ्या नावाचं. चाळीत पेढे वाटले मी! शालनने मात्र पाकीट उलटं करून झटकलं. "एकच?"

निघताना तिने सुरेशसाठी करकरीत कैरीचं लोणचं दिलं. बरणीच्या तोंडाला फडकं, वर सुतळीच्या तीन गाठी. म्हणाली, "आई, बाकी काही बोलू नका. येणार की नाही, एवढंच विचारा."

सहारहून विमान, मग बेलग्रेडहून दिवसभराची आगगाडी. आता तो देश त्या नावाने राहिला नाही, पण सुरेश राहायचा ते स्कोप्ये शहर आहे. तुम्ही जाणार असाल तर सप्टेंबरात जा. गल्लोगल्ली लाल मिरच्या भाजत असतात. दिसायला जहाल, चवीला मतं मागायला आलेल्या पुढाऱ्यासारख्या गोड. मातीच्या भांड्यातली घेवड्याची उसळ मागा, आपल्या तोंडाला चालते. बुरेक नावाची पापुद्र्यांची पोळी मिळते, पण आत चीज आहे की मटण ते विचारूनच तोंडात घाला. मी विचारलं नव्हतं, आणि वार सोमवार होता.

तिसऱ्या दिवशी सुरेशने मला पूल दाखवायला नेलं. तुर्की सुलतानांच्या वेळचा, दगडी, कमानीमागून कमानी. अलीकडे नवं शहर, पलीकडे जुना बाजार, खाली वर्दार नदी. मी गेले त्याच्या वीसेक वर्षं आधी भूकंपात शहर आडवं झालं, पूल उभाच राहिला. आमच्या नाल्यावरचा साकव दर पावसाळ्यात वाहून जातो, त्याची आठवण झाली. चपला रबरी घालू नका, दगड गुळगुळीत आहेत.

"आई, पाचशे वर्षं झाली याला," सुरेश म्हणाला.

"होय रे. दगड आहे, जागा सोडत नाही."

पुलाच्या मध्यावर एक म्हातारी भोपळ्याच्या बिया विकत होती. माझं लुगडं बघून हसली, पुडी दिली आणि एक गोष्ट सांगायला लागली. सुरेश मराठीत सांगत गेला. त्या मुलखात म्हणे असा एक पूल होता, दिवसा बांधावा आणि सकाळी पडलेला दिसावा. मग गवंडी भावांनी ठरवलं, ज्याची बायको आधी जेवण घेऊन येईल तिला भिंतीत चिणायचं. थोरल्यांनी आपापल्या बायकांना गुपचूप सांगून ठेवलं. धाकटीला कुणीच सांगितलं नाही. ती आली.

इथे सुरेश अडखळला. म्हातारीने त्याला कोपराने ढोसलं.

"ती म्हणाली, एक भोक ठेवा. बाळाला पाजायला."

"आमच्याकडच्या गोष्टीतही तळ्याला पाणी लागलं नाही तर सूनच बळी देतात," मी म्हटलं. "लेक कुणी देत नाही. सुरेश, तू येणार की नाही?"

त्याने पलीकडच्या टोकाकडे बघितलं. तिथे एक गोरी बाई बाबागाडी धरून उभी होती. "आई, माझं घर इथे आहे. चल, भेट तरी तिला."

मनू, थांबू नकोस. टाईप कर.

मी तिथूनच मागे फिरले. म्हणून पलीकडचा बाजार कसा आहे ते मला विचारू नका. मी पाहिला नाही.

विमानभर मी खोटं जुळवत बसले. काम वाढलंय, साहेब सोडत नाही, अजून एक वर्ष. दोन भिंती तर मी आधीच बांधल्या होत्या, शालनच्या भावाला दोनदा परत पाठवून. घरी शालनने माझी पिशवी उपसली. बरणी तशीच, तिन्ही गाठी तशाच. ती नुसती बघत राहिली.

"नाही येणार," मी म्हटलं. "बाई आहे. मूल आहे."

तिने गाठी सोडल्या, लोणचं ताटात वाढलं. "जेवून घ्या." आठवड्याने मनूला घेऊन चारकोपला गेली. दारात म्हणाली, "आई, त्याने फसवलं ते समजतं मला. तुम्ही थांबवलंत, ते नाही समजत."

मग काय, कारखान्यात लागली, तिथल्याच सेक्टरमध्ये खोली घेतली, मनूला शिकवलं. इकडे एकदाही आली नाही. दर उन्हाळ्यात मनूबरोबर लोणच्याची बरणी येते, सुतळीच्या तीन गाठी मारलेली. भांडं रिकामं परत धाडू नये म्हणून मी साखर घालून पाठवते. ती साखर चहात पडते की मुंग्यांना जाते, हे मनूला ठाऊक आहे. मी विचारलेलं नाही.