माळ्यावर सांडणारा गारवा

ब्युमाँट गावच्या शाळेची पिवळी बस व्हर्लीन गिड्री सव्वीस वर्षं चालवत होती. एवढ्या वर्षांत "तुला हे जमायचं नाही" असं तिला कुणी दुसऱ्यांदा म्हणालं नव्हतं. पहिल्यांदा म्हणणाऱ्याला ती ते करूनच दाखवायची. धुण्याचं मशीन तिनेच उघडून दुरुस्त केलं होतं. वादळात मोडलेला व्हरांड्याचा खांबही तिनेच उभा केला होता. नवरा क्लोव्हिस रिफायनरीतून गुडघे झिजवून निवृत्त झालेला, स्वभावाने शांत. तो म्हणायचा, "आमच्या घरात हत्यारांची पेटी बायकोची आणि मसाल्यांची माझी. दोघंही पोटभर जेवतो, मग बिघडलं कुठं?"

त्या जुलैत मात्र घरातलं एक कोडं तिला सुटेना. एसी सकाळपासून घरघरत होता. पुढच्या खोलीत इतका गारवा, की क्लोव्हिस लोकरीचे मोजे घालून बेसबॉलची मॅच बघायचा. आणि मागची खोली म्हणजे नुसती भट्टी. त्या खोलीत तिची सासू राहायची, मिस ओडील; तिकडे थोरल्या बायकांना आदराने 'मिस'च म्हणतात. वय सत्त्याऐंशी, वजन चिमणीएवढं आणि जीभ वस्तऱ्यासारखी. पण स्वतःच्या त्रासाबद्दल ती जीभ कधी हलायची नाही.

"तुमच्या खोलीत उकडतं ना हो?" व्हर्लीन विचारायची.

"छे गं. मी दलदलीच्या काठावर वाढलेय. आमच्याकडे एसी म्हणजे उघडी खिडकी."

एके दुपारी व्हर्लीन धुतलेले टॉवेल ठेवायला न्हाणीघरात शिरली, तर म्हातारी फरशीवर पाय पसरून बसलेली, पाठ टबाला टेकलेली, हातात जपमाळ.

"अहो, पडलात की काय?"

"पडायला काय झालंय? फरशी गार आहे, म्हणून बसलेय. देवाचं काय, त्याला कुठूनही ऐकू येतं."

व्हर्लीन हसली खरी, पण टॉवेल ठेवताना तिच्या मनात आलं, अकरा वर्षं ही बाई आपल्या घरात राहतेय आणि जप करायला तिला न्हाणीघर शोधावं लागतंय.

दुसऱ्या दिवशी तिने एसीवाल्याला बोलावलं. तरुण, इस्त्रीच्या शर्टातला. त्याने माळ्याच्या झडपेतून फक्त डोकं आत घातलं, शिंकला आणि खाली उतरला. "सगळंच बदलावं लागेल बाई. मशीन, डक्ट, सगळं." मग त्याने जो आकडा सांगितला तो ऐकून क्लोव्हिसने टीव्हीचा आवाज बंद केला.

"नुसते डक्ट मी बदलले तर?" व्हर्लीनने विचारलं.

तो पोरगा गोड हसला. "माळ्यावरचं काम आहे हो ते. तुम्हाला नाही जमायचं."

क्लोव्हिसने डोळे मिटून घेतले. पोरगा आता काय बोलून बसलाय, हे त्या घरात फक्त त्या पोराला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला, ऊन चढायच्या आत, ती कपाळावर दिवा बांधून माळ्यावर गेली. डक्ट म्हणजे गार हवा नेणाऱ्या, हाताच्या कवेत मावतील अशा लवचीक नळ्या, वर ग्लासवूलचं, म्हणजे काचेच्या लोकरीचं, पांघरूण. मशीनच्या पत्र्याच्या पेटीतून निघून त्या एकेका खोलीकडे गेलेल्या. तीस वर्षांच्या उकाड्याने बाहेरचं प्लॅस्टिक असं कडकडीत झालं होतं, की बोट लावलं तरी त्याचा भुगा पडत होता. सांध्यांवरच्या चिकटपट्ट्या वाळून सापाच्या कातीसारख्या लोंबत होत्या. आणि मागच्या खोलीकडे जाणारा डक्ट? तो पेटीपासून चक्क निखळून पडला होता. थंडगार हवा भसाभसा माळ्यावर सांडत होती. त्या हवेच्या बरोबर तोंडाशी, ग्लासवूलच्या गादीवर, एक पोसम झोपला होता. मांजराएवढा, उंदराच्या तोंडाचा, गुबगुबीत. त्याने एक डोळा उघडून व्हर्लीनकडे बघितलं आणि परत मिटला.

ती खाली आली. "क्लोव्हिस, ऐकतोस का? तुझ्या आईच्या वाटणीची हवा एक पोसम खातोय. इतकी वर्षं वीज आपण जाळतोय आणि उन्हाळा त्याचा सुखात चाललाय."

"भाडं मागितलंस का त्याच्याकडे?" क्लोव्हिस म्हणाला आणि उठून तिच्यासाठी कॉफी ओतायला गेला.

पलीकडच्या घरात म्हातारा प्रेजां राहायचा. चाळीस वर्षं एसीचं काम केलेला. आता त्याच्याने शिडी चढवत नव्हती, पण तोंडाला काही झालं नव्हतं. व्हर्लीनने बोलावल्यावर झडपेखाली बोळात खुर्ची टाकून, बर्फ घातलेल्या चहाचा ग्लास घेऊन तो बसला आणि शाळा सुरू झाली.

"डक्ट टेप म्हणतात त्या चिकटपट्टीवर विसंबू नकोस, पोरी. नावात डक्ट आहे म्हणून ती डक्टला धरून राहते, असं नाही. आधी आतली नळी पेटीच्या तोंडावरच्या पत्र्याच्या कॉलरवर चढव. नायलॉनचा पट्टा आवळ. मग हे राखाडी लुकण फास, सढळ हाताने, पावावर लोणी फासतात तसं. ते सुकलं की मग पांघरूण ओढून वरून दुसरा पट्टा."

"आणि नळीची लांबी?"

"लागेल तेवढीच. उरलेलं कापून टाक. डक्ट म्हणजे आतडं नव्हे वेटोळी घालायला. ताणून सरळ ने, हवा वळणावर दमते."

रोज पहाटे पाच ते साडेनऊ काम. त्यानंतर माळ्यावर थांबणं म्हणजे स्वतःला भाजून घेणं. पोसमला तिने पहिल्याच दिवशी झाडूने हुसकून बाहेर घालवलं आणि छपराखालच्या ज्या भगदाडातून तो यायचा, तिथे लोखंडी जाळी ठोकली. अंगभर कपडे, तोंडावर मास्क, तरी ग्लासवूल मानेत शिरून खाजवायचंच. क्लोव्हिस खालून नळ्या आणि पट्टे वर द्यायचा.

"सहा इंची मागितला होता, तू आठ इंची दिलास!"

"तू वरून मास्कातून बोलतेस, मला सगळं 'हं हं हं' ऐकू येतं!"

"लग्नाला तेहतीस वर्षं झाली, अजून माझं 'हं हं हं' कळत नाही तुला?"

प्रेजां चहात फुर्रकन हसायचा.

चौथ्या दिवशी मागच्या खोलीचा डक्ट जोडायचा होता. लुकणाचा डबा उचलताना व्हर्लीनचा पाय वाशावरून घसरला. वाशांच्या मधे असतं ते नुसतं जिप्समचं छत, माणसाला पेलायचा त्याचा धर्म नाही. धाडकन आवाज झाला आणि तिचा उजवा पाय मांडीपर्यंत खाली, सासूच्या खोलीत लोंबू लागला. नशीब, डावा पाय आणि दोन्ही हात वाशांवर अडकले.

खाली कोपऱ्यातल्या खुर्चीतून मिस ओडीलचा आवाज आला, "व्हर्लीन, तू हवा पाठवणार होतीस. पाय नव्हे."

"तुम्हाला लागलं का हो?"

"माझ्या कॉफीत चुना पडला, बाकी ठीक. तुला लागलं?"

"खरचटलंय. अडकलेय. क्लोव्हिस! शिडी चढून वर ये!"

"गुडघा!" बोळातून आवाज आला. "हळूहळू येतोय!"

इतक्यात व्हर्लीनला जाणवलं, खाली कुणीतरी तिचा बूट धरलाय. "अहो, काय करताय?"

"नाडी सुटलीय तुझी. तरीच पडलीस." म्हातारी हात वर करून सुनेच्या बुटाची गाठ बांधत होती. बांधता बांधता ती खालच्या आवाजात बोलू लागली. समोर चेहरा नव्हता, म्हणून कदाचित सोपं गेलं असेल. "मी उकडतं म्हणून सांगितलं नाही, कारण दुसऱ्याच्या घरात राहणाऱ्याने हिवाळा उन्हाळा मोजू नये, असं माझी आई म्हणायची. तुम्ही मला ठेवून घेतलंत. आणखी ओझं कशाला व्हायचं?"

व्हर्लीनच्या गालावरून घाम ओघळत होता, की आणखी काही, तिचं तिलाच कळेना. "मिस ओडील," ती म्हणाली, "आत्ता या घरात ओझं कोण आहे, ते छताला विचारा. आणि हे घर दुसऱ्याचं असतं, तर मी माळ्यावर कशाला मरायला आले असते?"

खालून नुसतं "हं" ऐकू आलं. बुटावर दोनदा थोपटलं गेलं, आणि तेवढ्यात क्लोव्हिसचं डोकं झडपेतून वर आलं.

मांडीवर निळंजांभळं उठलं, तरी सहाव्या दिवशी शेवटचा सांधा आवळला गेला. छताचं भोक पुठ्ठ्याने तात्पुरतं बंद केलं. प्रेजांने मशीनचा नुसता पंखा चालू करून व्हर्लीनला वर प्रत्येक सांध्याशी सिगारचा धूर सोडायला लावला. धूर कुठेच हलला नाही, म्हणजे हवा कुठूनच गळत नव्हती. "आता थंड लाव," तो म्हणाला.

मिस ओडीलने खोलीत हवा येते त्या छतातल्या जाळीखाली कागदी रुमाल धरला. तो फडफडला, हातातून सुटला आणि पार कपाटामागे जाऊन पडला. म्हातारी खाटेवर आडवी झाली आणि भर दुपारी, तोंड उघडं टाकून, तीन तास झोपली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, शाल गुंडाळून, कपाळाला आठ्या घालून.

"ए व्हर्लीन! हाडं गोठली माझी. माणूस राहतं इथे, की मासे ठेवतेस?"

अकरा वर्षांतली ती पहिली तक्रार. व्हर्लीनने ती ऐकून घेतली, जाळीची झडप अर्धी लावून दिली आणि परत येऊन, ओले डोळे दिसू नयेत म्हणून, चुलीकडे तोंड करून उभी राहिली. क्लोव्हिसने तिच्याकडे बघितलं आणि भेंडी चिरायला घेतली.

छताचा तुकडा तिनेच बसवला, रंगही दिला. नवा पांढरा जुन्याशी जुळला नाही, त्यामुळे सासूच्या खुर्चीच्या वर छतात एक चौकोन उजळ दिसतो. येणाऱ्या जाणाऱ्याला मिस ओडील तो आवर्जून दाखवते. चर्चमधल्या लुसिलबाईंना दाखवला, तेव्हा त्या लगेच म्हणाल्या, आमच्याही न्हाणीशेजारच्या खोलीत हवा पोचत नाही. शाळा सुरू व्हायला अजून बारा दिवस होते. व्हर्लीनने विचारलं, "माळ्यावर जायची झडप कुठं आहे तुमच्याकडे?"