शनिवारचे पेले

मंजू, ये अशी, माझ्याजवळ बस. दारातूनच बॅग उचलून पळणारी पोरगी तू! आईला माती देऊन आलो नाही तोच एग्मोरला गाडी धरायची म्हणून निघालीस. तुझ्यासाठी भरलेला इडलीचा डबासुद्धा ओट्यावर राहिला. आता हे पेपरच्या पुरवणीत छापून आलं की म्हणशील, मामीने घरातलं चव्हाट्यावर मांडलं. मांडणारच. फोनवर तुला वेळ कधी असतो? ऑटोत बसता बसता विचारलंस, "मामी, आईला शेवटी तारणाची खात्री होती का गं?" आणि ऑटो सुटला. महिना होत आला. रोज मी एक उत्तर जुळवते आणि रोज मोडते...

वाचणाऱ्यांना सांगायला हवं. मंजूची आई म्हणजे माझी थोरली नणंद, लीलावन्सं. आम्ही जालन्याकडची ख्रिस्ती माणसं; तारण म्हणजे आमच्यात प्रभूने केलेली आत्म्याची सुटका. आमचे हे आणि वन्संचे यजमान दोघे रेल्वेत, बदली होऊन इकडे तमिळ मुलखात आले आणि तांबरमला शेजारीशेजारी राहिलो. मराठी उपासनेची मंडळी जवळपास नाही, म्हणून तमिळ चर्चमध्ये, आमच्या बोलीत देवळात, जायला लागलो. उपदेश कळायला वर्षं गेली, पण काम लगेच कळलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, प्रभूच्या आठवणीत भाकर नि द्राक्षरस, आणि त्याचे बोटाच्या पेरासारखे काचेचे पेले आदल्या शनिवारी धुवायचे. ते काम आम्हा दोघींकडे आलं ते आलंच. साबण लावायचा नाही, द्राक्षरसाला वास येतो. गरम पाणी, लिंबाची साल, मग पांढऱ्या कापडावर पालथे. वन्सं एकेक पेला खिडकीशी धरून उजेडात फिरवून बघायच्या, आणि डाग दिसला की परत माझ्याकडे.

मग तुझे बाबा आजारी पडले. सगळ्या मंडळीने उपास धरले. बाहेरगावचा एक प्रचारक आला, डोक्यावर हात ठेवून म्हणाला, हा उठणार. नाही उठले ते. तेव्हा तोच माणूस बाहेरच्या ओट्यावर चहा पीत म्हणाला, घरातच कुणाचा तरी विश्वास उणा पडला असेल. वन्सं दारातच उभ्या होत्या, हातात बिस्किटांची बशी. बशी त्यांनी त्याच्यापुढे ठेवली, आणि त्या रविवारपासून प्रभुभोजन त्यांनी घेतलं नाही. पेल्यांचं ताट समोर आलं की मान खाली. मी विचारलं तर म्हणाल्या, "स्वतःला तपासून मगच घ्यावं, असं शास्त्रात आहे ना? मी तपासलं. सापडत नाही काही."

पण शनिवार त्यांनी सोडला नाही! तेच मला उमगत नाही, मंजू. आमच्या देवळातली मेरी अक्का तर तोंडावर म्हणायची, "लीलाक्का, तुझं त्या हॉटेलच्या आचाऱ्यासारखं झालंय. दुसऱ्यांना वाढतो, आपण तिथं जेवत नाही." वन्सं हसून म्हणायच्या, "आचाऱ्याने स्वयंपाकघर पाहिलेलं असतं गं."

पाऊस दगा देऊन गेला ती वर्षं तुला आठवतात? बोअरचं पाणी खारट, काचेवर पांढरं धरायचं. गोडं पाणी लॉरीतून यायचं, त्याला प्लास्टिकच्या घागरींची ही रांग. वन्सं त्यातली एक घागर शनिवारसाठी झाकून ठेवायच्या आणि स्वतः मचूळ पाणी उकळून प्यायच्या. मी चिडले. म्हटलं, "वन्सं, देवाला चालतात मिठाचे डाग." त्या पेला पुसत म्हणाल्या, "विमल, तो येतो की नाही, मला ठाऊक नाही. पण आलाच, तर पेला डागाळलेला नको."

हा विश्वास का गं? की नुसती सवय? मी पडले घरच्या घरी वाचायला शिकलेली बाई, मला ही गाठ सुटत नाही.

शेवटचं तुला कुणी नीट सांगितलं नाही. हृदय थकलेलं, अंगावर सूज, म्हणून डॉक्टरांनी पाणी बेताचंच सांगितलेलं. सकाळपासून त्या पाणी मागत होत्या आणि मी ओला बोळा ओठांना लावत होते. दुपारी आमचे पाळक अय्या प्रभुभोजनाचा पेला घेऊन आले. दर खेपेला यायचे, वन्सं मान हलवायच्या, ते प्रार्थना करून जायचे. त्या दिवशी वन्संनी हात पुढे केला. पेला घेतला, खिडकीकडे धरला, फिरवला. "डाग आहे," म्हणाल्या. मीच धुतला होता, घाईत. मग प्यायल्या, एका घोटात. आणि मग म्हणाल्या, "अजून आहे?"

अय्या रडायला लागले. मातीच्या वेळी त्यांनी सांगितलं, बहीण खात्रीने गेली. त्यांना खात्री आहे. मी पलंगाशी होते ना, मला माहीत आहे, त्यांना तहान लागली होती. मग तो हात प्रभूसाठी पुढे आला की पाण्यासाठी? रात्रंदिवस हेच... पण तहान लागलेलं माणूस रिकाम्या पेल्याकडे हात करत नाही, असंही वाटतं. लगेच वाटतं, विमल, तुला बरं वाटावं म्हणून तू हे म्हणतेस. आणि मी तर इतकी वर्षं न चुकता तो पेला घेत आले. काय तपासलं मी? वन्संसारखं मान खाली घालून एकदा तरी आत बघितलं का?

गेल्या शनिवारी एकटीने धुतले. खिडकीशी त्यांचं स्टूल तसंच आहे, त्यावर कुणी बसत नाही, मीही नाही. पेला उजेडात धरला, पण मोतीबिंदू वाढलाय, मला सगळेच पेले धूसर दिसतात. डाग काचेवर आहे की माझ्या डोळ्यांत, कळेना. सगळे पुन्हा धुतले, गोड्या पाण्यात. तुझ्या प्रश्नाला माझ्याकडे एवढंच आहे.

तेव्हा तू ये. दिवाळी-नाताळची वाट बघू नको, पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी ये. मी धुवीन, तू आईच्या स्टुलावर बसून खिडकीशी धरून बघ. डाग दिसला तर परत माझ्याकडे दे. लवकर ये गं.