फळीवरचा कागद

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. मुलापुढे नाही, सख्ख्या बहिणीपुढेही नाही.

इथं सौदीत, खफजी गावात आमची एसी दुरुस्तीची छोटी कंपनी आहे. नवऱ्यानं उभी केली. तो गेल्यावर इम्तियाज, माझा मुलगा, बघतो. भागीदार म्हणून कागदावर माझंही नाव आहे. सरकारी पत्रं घ्यायला कंपनीला एक माणूस नोंदवावा लागतो. आमचे होते यासीनभाई — नवऱ्याचे दोस्त, श्रीवर्धनचे. बावीस वर्षांत त्यांच्या हातून एक पत्र चुकलं नाही.

मी चौथी शिकलेली, तीही मराठी शाळेत. अरबी वाचते, पण कळत नाही — कुराणापुरती. अरबी अक्षर पायदळी येऊ द्यायचं नाही, ही लहानपणची शिकवण. इथं बिस्किटाच्या पुड्यावरही अरबीच असते. तो कचऱ्यात टाकताना मी अडखळते, सून हसते.

एका दुपारी मी सुरमई साफ करत होते. यासीनभाई आले, म्हणाले, "भाभी, इम्तियाज साइटवर आहे, फोन उचलत नाही. हा सरकारी कागद तो आल्या आल्या त्याला द्या. अर्जंट आहे." मी हात धुतले, कागद हातात घेतला, आणि कुराणाच्या फळीवर ठेवला — रुमालाखाली. पाक जागा म्हणून. आणि विसरले.

विसरणं हा गुन्हा नाही. पुढचं ऐका.

कागदावर त्याच दिवसाची मुदत होती, ती टळली. सरकारनं कंपनीचं काम काही दिवस थांबवलं, माणसं कामगारांच्या कॅम्पात बसून राहिली. इम्तियाजनं यासीनभाईंना घरी बोलावलं आणि माझ्यासमोर फाडून खाल्लं.

"चाचा, वय झालं तुमचं. खलास!"

"मी भाभींच्या हातात दिला रे. सुरमई कापत होत्या."

इम्तियाज माझ्याकडे वळला. "अम्मी?"

मला आठवत होतं. फळी तिथंच होती, त्याच्या डोक्यामागे. काय अडलं होतं हात वर करायला? मुलाचा राग? सुनेचं हसणं? — एवढंच. एवढ्यासाठी.

"मला कुणी काही दिलं नाही," मी म्हणाले.

यासीनभाई माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "असेल. माझ्याकडूनच पडला असेल कुठं."

आठवड्याभरात त्यांच्या जागी दुसरा माणूस नोंदवला. बदलाच्या अर्जावर भागीदाराची सही लागते. मी केली — मराठीत, सावकाश, पूर्ण नाव.

खफजी केवढंसं गाव. ते ज्यांची पत्रं घ्यायचे, अशा आणखी दोन कंपन्यांनीही त्यांचं नाव कमी केलं. काम नाही म्हणून इकामा, इथं राहायचा परवाना, वाढला नाही. जायच्या आधी ते आमच्या दाराशी आले, खजुराचा डबा दिला, म्हणाले, "भाभी, सांभाळून राहा." मी डबा घेतला. तेव्हा तरी बोलायचं होतं ना? नाही बोलले.

गेल्या वर्षी ते श्रीवर्धनला वारले. फोन आला तेव्हा इम्तियाज म्हणाला, "माणूस चांगला होता, शेवटी विसरभोळा झाला." मी पोळी लाटत होते. लाटत राहिले.

कागद अजून फळीवर आहे. रोज पहाटे तो बाजूला सारते, कुराण काढते आणि वाचायला बसते.