भंगारवाल्याच्या देव्हाऱ्यातली पेटी

धनत्रयोदशीला इंदूरच्या बाजारात पितळी भांडी मांडलेली दिसली, की ती चोरी मला आजही आठवते.

मानपूरजवळच्या ढाब्यावर उभ्या गाडीतून एक पिवळी, जड पेटी चोरीला गेली होती. पाइपलाइनचे सांधे तपासण्यासाठी किरणोत्सर्गी पदार्थ वापरतात, तो त्या पेटीत होता. फिर्याद लिहून घेताना आमच्या ठाण्यातल्या हवालदाराने खुर्ची मागे सरकवली. किरणोत्सर्ग म्हटलं, की फिर्यादीच्या कागदालाही माणसं भितात.

दोन दिवसांत खबऱ्याने शहराच्या कडेच्या एका भंगारवाल्याचं नाव दिलं. आम्ही किरणोत्सर्गाच्या तज्ज्ञ बाईंना घेऊन तिथे गेलो. भंगारवाला साठीचा, इथलीच मराठी बोलणारा. पेटी पाहिलीच नाही म्हणाला. फायद्यासाठी खोटं बोलणारा माणूस फार बोलतो, हा एवढंच बोलून सारखा आतल्या खोलीकडे बघत होता. दटावून काही उपयोग होईना.

मग बाई शांतपणे बोलल्या. पेटी फोडली तर किरण दिसणार नाहीत, पण शरीराच्या पेशींतली जनुकांची साखळी तोडतील. पेशी ती सांधते, कधी चुकीची सांधते. असे चुकीचे बदल साठत गेले तर पुढे कित्येक वर्षांनी कॅन्सर होऊ शकतो. पोटातल्या बाळाला तर धोका जास्त.

दारात म्हाताऱ्याची सून उभी होती, दिवस गेलेली. तिने सासऱ्याकडे पाहिलंही नाही. “आत देवाजवळ आहे,” ती म्हणाली.

“धनतेरसची बोहनी होती, साहेबजी,” म्हातारा म्हणाला. “दिवसाचा पहिला धातू आम्ही पूजेत ठेवतो. पाडव्याआधी लक्ष्मी घरातून कशी काढू?”

पेटीवर हळदकुंकू होतं. बाईंनी मीटर लावला. कुलूप शाबूत, पदार्थ आतच, काळजीचं कारण नाही. त्या रिवाजानेच पेटी हातोड्यापासून वाचली होती. मला मनापासून हायसं वाटलं. पंचनामा सुरू केला.

बाई मात्र अंगणातल्या निळ्या पिंपाजवळ थांबल्या होत्या. रंगाच्या कारखान्याचं पिंप, चिठ्ठी अर्धी फाटलेली. त्यात घरचं पिण्याचं पाणी. धुऊन घेतलंय, बरसों से वापरतो, असं म्हातारा सांगू लागला.

“धुऊन सगळं जात नाही,” बाई म्हणाल्या. “यात बेंझिनसारखं एखादं रसायन राहिलं असलं, तर तेही जनुकांत तसेच बदल घडवतं.”

“आणि आजवर प्यायलो त्याचं?” सुनेने विचारलं.

कदाचित काहीच होणार नाही, बाई म्हणाल्या, पण खात्रीने कुणालाच सांगता येणार नाही. पाणी तपासून घ्या, आणि आजपासून हे बंद.

सुनेने सासऱ्याला हात लावायला सांगितलं. दोघांनी पिंप आडवं केलं. पाणी आमच्या बुटांपर्यंत आलं. कुणी बाजूला झालं नाही.

पुढे चोर सापडला, त्याला शिक्षाही झाली. नोकरीत मी एक शिकलो. ज्याची फिर्याद येते त्यामागे सगळं ठाणं धावतं, आणि घरात रोज जे चालतं त्याची फिर्याद कुणी देत नाही. माझ्या पंचनाम्यात पेटीचा रंग, वजन, कुलूप, सगळं आहे. पिंपाचा उल्लेख नाही. कायद्याने तो असायचं कारणही नव्हतं.