बनावट ठरलेलं पत्र

परभणीच्या आमच्या कॉलेजचा मेल सर्व्हर मी सांभाळायचो. बोरीहून येणाऱ्या एका मॅडमचे कॉलेजच्या पत्त्यावरचे मेल आपोआप त्यांच्या खाजगी पत्त्यावर जात. एका दुपारी त्या घाबऱ्याघुबऱ्या आल्या.

"सर, विद्यापीठाच्या मुलाखतीचं पत्र सगळ्यांना आलं, मलाच न्हाई. पाचपर्यंत होकार कळवायचाय."

सर्व्हरवरच्या नोंदी उघडल्या. पत्र आमच्याकडं आलं होतं, पण पुढं गेल्यावर मॅडमच्या खाजगी पत्त्याच्या सर्व्हरनं ते नाकारलं होतं. पाठवणाऱ्याचा पत्ता विद्यापीठाचा आणि पत्र येतंय आमच्याकडून, म्हणून त्यानं ते बनावट ठरवलं. पुढं जाणाऱ्या मेलवर पाठवणारा म्हणून आमचाच पत्ता लागेल अशी सोय केली आणि पत्र पुन्हा सोडलं. मॅडम मोबाइलकडं बघत उभ्याच होत्या.

"आलं!" म्हणत त्या मटकन खुर्चीत बसल्या.

होकार गेला तेव्हा पाचला दहा कमी होते. ही सोय आधीच करायला हवी होती, चूक माझीच, हे मी त्यांना सांगून टाकलं.