सगळं मागणारं स्थळ

सिंधूमावशींकडे कुणी स्थळाच्या माहितीचा कागद घेऊन गेलं की त्या आधी अर्धा कागद हाताने झाकून उरलेला वाचायच्या, मग उलटं करायच्या. "वरचं पाठवू, खालचं घरात ठेवू," असा निकाल द्यायच्या. हैदराबादेतल्या कितीतरी मराठी घरांची लग्नं त्यांनी तारनाक्याच्या आपल्या बैठकीत याच हाताने जमवली. मुलगी उंच असेल तर उंची लिहायची, नसेल तर 'गृहकृत्यदक्ष'. मुलाचं कुठल्याच नोकरीत बूड टिकत नसेल तर 'स्वतंत्र विचारांचा'. "खोटं बोलायचंच नाही बा. विचारलं तेवढं सांगायचं, आणि नको ते विचारू द्यायचं नाही," हे त्यांचं शास्त्र होतं.

पुढे पोरं आपापली लग्नं जमवायला लागली आणि मावशी रिकाम्या झाल्या. काही दिवस त्या टीव्हीवरच्या मालिकांतली स्थळं नापसंत करत बसल्या. मग आमच्या अपार्टमेंटला अमेरिकेचं वारं लागलं. घरोघरी बारावीतलं एक मूल, प्रत्येकाने ती तिकडची सॅट परीक्षा पुन्हा पुन्हा दिलेली, आणि आईबापांपुढे एकच पेच: कुठल्या कॉलेजला कुठल्या वेळचा स्कोअर पाठवायचा? बरीच कॉलेजं म्हणतात, हवे ते पाठवा. काही म्हणतात, नाही पाठवले तरी चालेल. सल्लागारांनी आम्हाला इंग्रजीतून इतकं समजावलं की होतं तेवढंही कळेनासं झालं. मावशींना मात्र ऐकताक्षणी उमगलं. "हौ, म्हणजे स्थळंच की ही! एवढं कायको परेशान होता?"

झालं, त्यांची बैठक पुन्हा भरली. चहा, उस्मानिया बिस्किटं आणि लॅपटॉप मांडीवर घेतलेले आईबाप. जे कॉलेज मिळणं कठीण ते 'मोठं घर', जे हमखास मिळेल ते 'घरचंच स्थळ'. वरच्या मजल्यावरचे निवृत्त जजसाहेब तेवढे रोज येऊन चिडायचे. "सिंधूताई, हा पुरावा दडवण्याचा प्रकार आहे. माणसाने सगळं समोर ठेवावं!"

"तुमच्या मुलाचं लग्न मी जमवलं तेव्हा त्याचं घोरणं ठेवलं होतं का समोर?" मावशी विचारायच्या. जजसाहेब बिस्किट चहात बुडवायचे.

माझी लेक ईरा तीनदा परीक्षेला बसली होती. पहिल्यांदा गणित उत्तम, इंग्रजी पडेल. दुसऱ्यांदा इंग्रजी उत्तम, गणित जेमतेम. तिसऱ्यांदा मीच तिला बळेबळे बसवलं, शेजारचा मुलगा चौथ्यांदा बसला होता म्हणून. त्यात दोन्ही विषय आपटले. मावशींनी तिसऱ्यावर हात ठेवला. "हे झालंच नाही. पहिले दोन पाठव. ते लोगां एकातलं गणित बघतात, दुसऱ्यातलं इंग्रजी. आईचा रंग, बापाची उंची. कशी गोड मुलगी दिसते बघ!"

"पण आजी, मला जे कॉलेज हवंय ना, ते ऑल स्कोअर्स मागतं," ईरा म्हणाली. "सगळे. तिसरा पण."

ते कॉलेज म्हणजे ईराचं स्वप्न होतं. नववीपासून तिच्या कपाटावर त्याचं चित्र चिकटवलेलं. मावशींचा चेहरा उतरला. "सगळं मागणारं स्थळ चांगलं नसतं. घर संशयी असतं. नक्को जाऊ तिथे."

ईराने रात्रभर विचार केला आणि सकाळी तिन्ही स्कोअर पाठवून दिले. बाकीच्या कॉलेजांना मावशी म्हणाल्या तसेच दोन. मी कपाळाला हात लावला. मावशी आठवडाभर आमच्याशी बोलल्या नाहीत. जजसाहेबांनी मात्र ईराला पेढे दिले.

वसंतात निकाल आले. मावशींनी पसंत केलेल्या एका घराने होकार दिला आणि ईराच्या स्वप्नाने नकार. पोरगी कोंडून घेऊन रडत बसली. संध्याकाळी मावशी दारात उभ्या राहिल्या, आणि मी मनात म्हटलं, आता 'मी म्हटलं नव्हतं?' ऐकायची तयारी ठेवा.

त्या सरळ ईराच्या खोलीत गेल्या, तिच्या पलंगावर बसल्या. "हे बघ, मी मॅट्रिकला गणितात नापास झाले होते. दुसऱ्या खेपेला सुटले. बाबांनी आमच्या यांच्या घरी ते कळवलंच नाही. आणि लग्नानंतर काय, पोरांचं गणित यांनी माझ्याकडेच दिलं, तू हुशार म्हणून! रोज संध्याकाळी वही उघडली की एकच भीती: आज यांना कळणार. हे जाईपर्यंत सांगायचं जमलं नाही."

ईराचं रडणं थांबलं.

"तुला नकार आला, पण पुरतं बघून आला, बेटा. मला होकार आला तो अर्धीला." मग माझ्याकडे वळून त्या दरडावून म्हणाल्या, "हे खालचं आहे. मी असेपर्यंत घरातच राहू दे. मग वाटलं तर सांगा."

ईरा ऑगस्टमध्ये अमेरिकेला गेली. मावशींची बैठक चालूच राहिली, कागद झाकणंही. फक्त एक भर पडली. हात ठेवण्याआधी त्या मुलाला विचारायच्या, "झाकू ना? का उघडं ठेवायची हिंमत आहे?" आईबापांना विचारायच्या नाहीत.

या हिवाळ्यात मावशी झोपेतच गेल्या. मराठी मंडळाच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. वक्त्यामागून वक्ता उठला. मावशी कुशाग्र, मावशी व्यवहारचतुर, मावशी जन्मजात हिशेबी. सगळे वरचंच पाठवत होते. ईराचा फोन सकाळीच येऊन गेला होता. "आई, मॅथ्सचं कोणी सांगणार नाही. तू सांग. आजीने परमिशन दिलीय."

मी उठले. मावशी मॅट्रिकला गणितात नापास झाल्या होत्या, हे सांगितलं, आणि त्या वहीचंही सांगितलं. मला त्या सगळ्याच्या सगळ्या आवडायच्या, हे सांगताना रडू आलं. अध्यक्षांनी घसा खाकरला.

तेवढ्यात पहिल्या रांगेत जजसाहेब काठी टेकून उभे राहिले, आयुष्यभर सगळं समोर ठेवा म्हणणारे.

"गणितात मी दोनदा," ते म्हणाले, आणि खाली बसले.